पुसू नका, धुवा

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर विमानाचं १:७२ प्रमाणातलं किट बाजारात आणलं. पुढच्या पिढ्यांतल्या असंख्य मुलांनी मॉडेल बांधण्याच्या छंदात पहिलं पाऊल टाकलं ते त्याच किंवा तशाच एखाद्या किटने. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर, मॉडेलमध्ये तो साडेपंधरा सेंटिमीटर भरतो. आता या पंखावर शर्टातून सुटलेला दोन मिलिमीटरचा एक तंतू पडला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबात तो चौदा सेंटिमीटरहून लांब दोर होतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड; त्याची पाच मिलिमीटर जाडीची तार होते. जहाजांचं गणित आणखी निष्ठुर आहे. शिझुओका शहरातल्या चार जपानी कंपन्यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली ‘वॉटरलाइन’ मालिका १:७०० प्रमाणातली आहे. २६३ मीटर लांबीची यामातो ही युद्धनौका त्या प्रमाणात साडेसदतीस सेंटिमीटरची होते आणि तिच्या डेकवर पडलेला एक मिलिमीटरचा तंतू सत्तर सेंटिमीटरचा ओंडका.

मॉडेल करणारा माणूस महिनोन्‌महिने रिव्हेटच्या रांगा, पॅनलच्या रेषा आणि कॉकपिटमधले काटे जपतो, आणि हे सगळं एक तंतू मोडून काढतो. डोळ्याला पटलेलं प्रमाण तिथेच ढासळतं.

तरीही मॉडेल बांधण्यावरच्या पुस्तकांत गोंद, रंग, डेकल, एअरब्रश यांना स्वतंत्र प्रकरणं मिळतात, आणि धुळीच्या वाट्याला शेवटी एखादी ओळ येते: मॉडेल वेळोवेळी पुसून स्वच्छ ठेवावं. या पुस्तिकेची सगळी मांडणी त्या एका ओळीच्या विरोधात उभी आहे. प्लास्टिकवरची धूळ हा घरकामाचा विषय नसून विजेचा विषय आहे, आणि कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे धुळीला पुन्हा आमंत्रण देणं, हे तिचं म्हणणं आहे. ते पटण्यासाठी आधी प्लास्टिककडे पाहायला हवं.

प्लास्टिकच्या मॉडेलांची सुरुवात पॉलिस्टायरीनने झाली नाही. ब्रिटनमध्ये १९३६ साली फ्रॉग कंपनीची ‘पेंग्विन’ मालिका आली, तिची किट सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. हा पदार्थ हवेतला ओलावा शोषतो, त्यामुळे कालांतराने सुटे भाग वाकत, पीळ पडत. पॉलिस्टायरीन १८३९ मध्ये बर्लिनच्या एदुआर्द सिमोन यांच्या हाती लागलं होतं, पण कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलं ते १९३० च्या दशकात, जर्मनीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ते मॉडेलांत आलं. एअरफिक्सचं १९५२ सालचं ‘गोल्डन हाइंड’ जहाज याच प्लास्टिकचं. पॉलिस्टायरीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यातही पंख सरळ राहतो, आणि पंखाच्या काठावरची बारीक रेषा पन्नास वर्षांनीही तशीच दिसते.

ज्या गुणामुळे हे प्लास्टिक या छंदात राज्य करतं, त्याच गुणामुळे ते धूळ ओढतं. पृष्ठभागावर ओलावा टिकत नाही, म्हणून तिथे जमलेल्या विद्युतप्रभाराला वाहून जायला वाट नसते. पॉलिस्टायरीन हा अत्यंत दुर्वाहक पदार्थ आहे. कोरड्या हवेत त्याच्यावरचा प्रभार तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस जागच्या जागी बसून राहतो. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून सुटले की इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात. माणसाची कोरडी त्वचा, नायलॉन, लोकर ही इलेक्ट्रॉन देणारी मंडळी, पॉलिस्टायरीन घेणारं. त्यामुळे हाताळलेलं, घासलेलं मॉडेल बहुतेकदा ऋणप्रभारित असतं. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. कपट्यांवर स्वतःचा प्रभार नसतो. तरी प्रभारित कंगव्याजवळ आल्यावर त्यांच्यातले धन आणि ऋण प्रभार थोडे सरकतात, विरुद्ध प्रभाराची बाजू जवळ येते आणि कपटा ओढला जातो. धुळीचा कणही असाच येतो. म्हणजे धूळ मॉडेलवर फक्त पडत नाही. मॉडेल ती आजूबाजूच्या हवेतून वेचून घेतं. लाकडी टेबलावर नुसती आडव्या भागावर धूळ साचते, प्लास्टिकच्या मॉडेलवर मात्र पंखाच्या पोटालाही ती लागलेली सापडते, याचं कारण हेच.

या गोष्टीची नोंद जुनी आहे. जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठात गेओर्ग ख्रिस्टोफ लिख्टेनबेर्ग हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राळेच्या मोठ्या तबकडीवर प्रयोग करत होते. १७७७ च्या सुमारास तबकडी तासताना उडालेली राळेची बारीक भुकटी तिच्यावर पुन्हा बसली, आणि एकसारखी न पसरता ठिकठिकाणी ताऱ्यांसारख्या आकृत्यांत जमली. जिथे प्रभार होता तिथे धूळ, जिथे नव्हता तिथे जागा मोकळी. डोळ्यांना न दिसणारा प्रभार धुळीने रेखाटून दाखवला होता. त्या आकृत्यांना आजही लिख्टेनबेर्ग यांचं नाव आहे. मॉडेलवर धुळीचे पुंजके विशिष्ट जागीच दिसत असतील, उदाहरणार्थ बोटांनी वारंवार धरलेल्या शेपटीवर किंवा नुकत्याच घासलेल्या सांध्यावर, तर तोही प्रभाराचा नकाशाच असतो.

त्यानंतरचा प्रसंग या पुस्तिकेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. २२ ऑक्टोबर १९३८ या दिवशी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या एका खोलीत चेस्टर कार्लसन आणि त्यांचे सहायक ओटो कॉर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा घेतला आणि तो सुती रुमालाने घासला. मग त्यावर अक्षरं लिहिलेली काच ठेवून प्रकाश टाकला, आणि वर लायकोपोडियमची बारीक भुकटी भुरभुरवली. प्रकाश पडला तिथला प्रभार निघून गेला होता, उरलेल्या ठिकाणी भुकटी चिकटली, आणि जगातली पहिली झेरॉक्स प्रत तयार झाली. नाक्यावरच्या प्रत्येक झेरॉक्स दुकानाचं मूळ त्या रुमालात आहे. घासल्याने भुकटी चिकटते, या एका गोष्टीवर पुढे एक अख्खा उद्योग उभा राहिला. कपाटातल्या मॉडेलवरून कोरडं फडकं फिरवणारा माणूस कार्लसन यांच्या प्रयोगातली पहिली पायरी करत असतो, आणि दुसऱ्या पायरीसाठी लागणारी भुकटी घरातल्या हवेत असतेच.

हीच ओढ माणसाने जाणूनबुजून कामालाही लावली आहे. कोराडी आणि चंद्रपूर इथल्या औष्णिक वीज केंद्रांच्या धुराड्यांतून बाहेर जाणाऱ्या वायूतली राख उच्च दाबाच्या विजेने प्रभारित करून पत्र्यांवर पकडली जाते. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेल्या एन-९५ मास्कमधला पॉलिप्रॉपिलीनचा थर मुद्दाम प्रभारित केलेला असतो. म्हणून श्वास न अडवता तो सूक्ष्म कण अडवतो. खुद्द मॉडेलच्या छंदातही स्थितिक विद्युत मदतीला येते. रेल्वेच्या मॉडेलांतलं गवत पाहावं. नायलॉनचे काही मिलिमीटर लांबीचे तंतू हजारो व्होल्ट दाबाच्या जाळीतून गोंद लावलेल्या जमिनीवर सोडले की ते आडवे न पडता ताठ उभे राहतात, आणि माळरानावरचं गवत तयार होतं. पुण्यात कोथरूडमधलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेल्या मराठी वाचकाला अशा छोट्या जगाची जादू वेगळी सांगायला नको.

म्हणजे शत्रू कोण हे कळलं. आता तो कधी बलवान होतो हे पाहायचं.

हवेतल्या आर्द्रतेइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नाही. इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात वर्षानुवर्षं वापरात असलेल्या एका तक्त्यानुसार, गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत दाब तयार होऊ शकतो, तर ६५ टक्क्यांच्या वर तो १,५०० व्होल्टच्या आसपास राहतो. दमट हवेत प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार निसटतो. म्हणूनच नागपूर, जळगाव, सोलापूर किंवा पुण्यात फेब्रुवारीपासून मेपर्यंतच्या दुपारी, आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरलेली असताना, स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, कापलेला भाग बोटाला चिकटून बसतो आणि घासलेल्या प्लास्टिकची पांढरी पूड झटकली तरी निघत नाही. रत्नागिरीत किंवा पणजीत जुलै महिन्यात हा त्रास जवळपास नसतो. पण तिथे दुसरं संकट उभं राहतं: हवेत फार ओलावा असताना लॅकर रंगाचा फवारा मारला, तर सुकताना रंगावर दुधाळ झाक येते. त्यामुळे पन्नास ते साठ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता रंगकामाला सगळ्यात सोयीची. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आता सहज मिळतं. एअरब्रशवर खर्च करणाऱ्या प्रत्येकाने ते टेबलावर ठेवायला हवं. कोणत्या दिवशी रंगवायचं हे ते कुठल्याही अनुभवी सल्लागारापेक्षा नेमकं सांगतं.

प्रभार तयार होण्याच्या जागाही ओळखून ठेवलेल्या बऱ्या. किटचे स्प्रू पॉलिथिनच्या पिशवीतून खेचून काढताना तो होतो. कोरड्या पॉलिश पेपरने घासताना होतो. सगळ्यात दुर्लक्षित क्षण म्हणजे मास्किंग टेप सोलण्याचा. चिकटपट्टी सोलताना किती विद्युतप्रभार वेगळा होतो याचा थक्क करणारा पुरावा २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दिला. निर्वात पोकळीत साधी चिकटपट्टी उलगडताना क्ष-किरण बाहेर पडतात, आणि ते बोटाच्या हाडांचं चित्र घेण्याइतके असतात, हे त्यांनी दाखवलं. घरातल्या हवेत क्ष-किरण निघत नाहीत, पण प्रभार वेगळा होतोच. कॅनोपीवरचा टेप एका झटक्यात ओढला की पारदर्शक प्लास्टिक त्याच क्षणी आसपासचे तंतू ओढून घेतं, आणि नेमकं त्यानंतर ती कॅनोपी कॉकपिटवर कायमची चिकटवली जाते. आत अडकलेला तंतू मग मॉडेल असेपर्यंत दिसत राहतो. टेप हळू, स्वतःवरच दुमडत सोलायचा, आणि सोलल्यावर ओलसर मऊ ब्रश फिरवल्याशिवाय कॅनोपी चिकटवायची नाही. पुस्तिकेतल्या सगळ्या सूचनांत ही एक सूचना सगळ्यात जास्त मॉडेलं वाचवणारी आहे.

उपायांकडे वळण्याआधी एक समजूत दूर करायला हवी. अनेकांना वाटतं की मनगटावर अर्थिंगचा पट्टा बांधला किंवा मॉडेल धातूच्या पत्र्यावर ठेवलं की प्रभार जमिनीत निघून जाईल. तांब्याच्या वस्तूबाबत हे खरं असतं. पॉलिस्टायरीनमध्ये प्रभार वाहतच नाही. जिथे स्पर्श झाला त्या टिंबाएवढ्या जागेचा प्रभार जातो, बाकीचा जागेवर राहतो. पट्टा बांधल्याने काम करणाऱ्याचा हात तटस्थ होतो, मॉडेल होत नाही. प्लास्टिकवरचा प्रभार घालवण्याचे खरे मार्ग दोनच: पृष्ठभागावर ओलावा आणणं, किंवा आसपासच्या हवेत विरुद्ध प्रभाराचे आयन सोडणं.

आयनांच्या मार्गाचा इतिहास वाचनीय आहे. अमेरिकेत छायाचित्रांच्या निगेटिव्हवरची धूळ काढण्यासाठी ‘स्टॅटिकमास्टर’ नावाचे ब्रश विकले जात. त्यांच्या केसांमागे पोलोनियम-२१० या किरणोत्सारी मूलद्रव्याची पट्टी असे. त्यातून निघणारे अल्फा कण जेमतेम चार सेंटिमीटर हवा कापतात, पण तेवढ्या हवेचं आयनीभवन करतात, आणि निगेटिव्हवरचा प्रभार मावळतो. पोलोनियम-२१० चा अर्धायुकाल १३८ दिवसांचा, त्यामुळे पट्टी ठरावीक काळाने बदलावी लागे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी ‘झीरोस्टॅट’ हे पिस्तूल आलं. त्यात किरणोत्सार नव्हता; घोडा दाबला की आतल्या स्फटिकावर दाब पडून एका प्रकारचे आयन, सोडला की विरुद्ध प्रकारचे. आज मॉडेल करणाऱ्यांसाठी तामियासारख्या कंपन्यांचे अँटिस्टॅटिक ब्रश मिळतात. विद्युतवाहक तंतूंच्या बारीक टोकांशी प्रभाराची देवाणघेवाण होते आणि धूळ उचलतानाच प्रभार कमी होतो. पूर्ण झालेल्या मॉडेलसाठी हा ब्रश खरोखर उपयोगी आहे. तो नसेल तर मेकअपचा मऊ, नैसर्गिक केसांचा ब्रश किंचित ओलसर करून वापरावा. नायलॉनच्या केसांचा कोरडा ब्रश मात्र टाळावा. इलेक्ट्रॉन देण्यात नायलॉन आघाडीवर, आणि घेण्यात पॉलिस्टायरीन.

पण बांधणीच्या काळात पाण्याला तोड नाही. स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब घालून धुतले की साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट अंश जातो आणि प्रभारही जातो. पाणी फार गरम नको, बारीक भाग वाकतात. सुटे भाग चहाच्या गाळणीत धरून धुवावेत, म्हणजे मोरीत वाहून जात नाहीत. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत बोअरवेलचं पाणी जड असतं. ते सुकल्यावर क्षाराचे पांढरे ठिपके उरतात. म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरावं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच. धुतल्यावर टॉवेलने पुसायचं नाही. पंख्याखालीही ठेवायचं नाही. जाळीवर, वर झाकण अधांतरी ठेवून, आपोआप सुकू द्यायचं.

घासण्याचं कामही पाण्यातच करावं. मोटारगाड्यांचे रंगारी वॉटर पेपर वापरतात, तोच इथे उत्तम. पूड हवेत उडत नाही, फुप्फुसात जात नाही, पृष्ठभागावर प्रभार साचत नाही आणि कागदही लवकर भरत नाही. पॉलिस्टायरीनची कोरडी पूड श्वासात जाऊ नये, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही सवय लावून घ्यायला हवी. रंग देण्याच्या दिवशी छताचा पंखा बंद ठेवावा, खोलीत थोडं पाणी फवारावं आणि दहा-पंधरा मिनिटं हवा शांत होऊ द्यावी. अंगात लोकरीचा स्वेटर किंवा नायलॉनचं जॅकेट नको, सुती शर्ट बरा. रंग दिला की मॉडेलवर लगेच स्वच्छ डबा उपडा घालावा. ओल्या चकचकीत रंगात बसलेला कण रंग ओला असताना काढायला जाऊ नये. तो पूर्ण सुकल्यावर वॉटर पेपरने अलगद घासून पुन्हा हलका थर देता येतो.

पूर्ण झालेलं मॉडेल कपाटात जातं, आणि बहुतेक लोक तिथेच निश्चिंत होतात. काचेचं कपाट अ‍ॅक्रिलिकच्या पेटीपेक्षा चांगलं, कारण अ‍ॅक्रिलिक कोरड्या कापडाने पुसलं की स्वतःच प्रभारित होतं. अ‍ॅक्रिलिकचीच पेटी असेल तर ती साबणाच्या अगदी सौम्य पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाने टिपावी. साबणाचा उरलेला पातळ थर ओलावा धरून ठेवतो आणि प्रभार जमू देत नाही. अ‍ॅक्रिलिकवर अल्कोहोल वापरू नये, बारीक तडे जाऊ शकतात. अ‍ॅसिटोन तर पॉलिस्टायरीनच्या जवळही आणू नये, ते मॉडेलच विरघळवतं.

धूळ किती दिवस तशीच राहिली, यालाही महत्त्व आहे. ब्रिटनमधल्या ऐतिहासिक वास्तूंतल्या धुळीवर काम करणाऱ्या संशोधकांना असं आढळलं की दमट हवेत बसून राहिलेली धूळ पृष्ठभागाला हळूहळू पक्की जखडते. मग नुसत्या ब्रशने ती निघत नाही. आपल्याकडच्या घरांत त्यात फोडणीची तेलकट वाफ आणि उदबत्तीची काजळी मिसळते. उन्हाळ्यात स्थितिक विद्युत धूळ गोळा करते आणि पावसाळा ती चिकटवून टाकतो. कोकण आणि मुंबईतल्या संग्राहकांना हा क्रम ध्यानात ठेवण्याशिवाय गत्यंतर नाही.

तेव्हा वाचकाला विनंती एवढीच की पुढची पानं वाचायला घेण्याआधी कपाटातली मॉडेलं एकदा उजेडात धरून पाहावीत. कोरडं फडकं बाजूला ठेवावं, ओलसर मऊ ब्रश घ्यावा, वरून खाली काम करावं, आणि मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी हे पूर्ण करावं. पावसाळ्यानंतर तेच काम दुप्पट वेळ घेतं, आणि डेकल किंवा बारीक तारा तुटण्याचा धोकाही तेव्हाच जास्त असतो.